शस्त्रक्रियेपूर्वीचा ईसीजी : पट्टीवरचा शेरा आणि माणसाचे हृदय

पारोळा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात कुणाची हर्नियाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, की घरात आधी पैशांची चर्चा होते आणि मागोमाग ‘फिटनेस’ची. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढला जातो. आजची यंत्रे आलेखाबरोबर इंग्रजीत एक शेराही छापून देतात : ‘अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. त्याखाली ‘नॉनस्पेसिफिक टी वेव्ह चेंजेस’ असे काहीतरी असते. हृदयतज्ज्ञाला दाखवायचे तर धुळे सुमारे ३५ किलोमीटर आणि जळगाव सुमारे ५५ किलोमीटर. जाण्याचा एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार हे ठरलेले. त्याआधी तो कागद गावातल्या शाळेत सरांकडे किंवा बाईंकडे येतो. “जरा वाचून सांगा, काय लिहिलंय?”

शिक्षकाने निदान करावे अशी अपेक्षा नाही, आणि तसे करूही नये. पण ‘अ‍ॅबनॉर्मल’ या शब्दाचा अर्थ काय आणि काय नाही, एवढे त्याला सांगता आले तर पुष्कळ फरक पडतो. कारण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. घाबरून हर्नियाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि मधल्या काळात आतडे अडकले, तर दिवसा ठरवून होणारे काम मध्यरात्री घाईने करावे लागते. आणि घाईची शस्त्रक्रिया हृदयाला अधिक धोक्याची असते. उलट, आलेख चांगला आला म्हणून चालताना छातीत भरून येते ही तक्रार कुणी डॉक्टरांना सांगितलीच नाही, तर तेही घातक ठरू शकते.

पट्टीवर नेमके काय उमटते?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेची एक लाट सुरू करतो. ही लाट वरच्या दोन कप्प्यांतून पसरते, मध्यावरच्या गाठीत क्षणभर थबकते, आणि मग डाव्या व उजव्या अशा दोन शाखांतून खालच्या कप्प्यांत उतरते. लाटेमागोमाग स्नायू आकुंचन पावतात. शरीर खारट पाण्याने भरलेले असल्याने वीज वाहून नेते. त्यामुळे या लाटेचा क्षीण पडसाद त्वचेपर्यंत पोहोचतो. तो साधारण एक मिलिव्होल्ट असतो, म्हणजे बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढा.

लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाचा असा पडसाद शरीराच्या पृष्ठभागावरून प्रथम टिपला. पण तो स्वच्छ आणि मोजता येईल असा उमटवला हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइंटहोवेन यांनी. त्यांचे तारेचे गॅल्व्हनोमीटर खोलीभर पसरलेले यंत्र होते. रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत असे. या कामाबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांचीच.

पी ही वरच्या कप्प्यांची लहर. क्यूआरएस हा टोकदार भाग खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाआधीचा. टी ही लहर खालचे कप्पे विजेच्या दृष्टीने पुन्हा पूर्वपदावर येतानाची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणून लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा. दोन टोकदार आर लहरींमधले मोठे चौकोन मोजून त्या संख्येने ३०० ला भागले की नाडीचा दर मिळतो. चार चौकोन असतील तर दर ७५.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. ईसीजी विजेचा आलेख आहे, रक्ताभिसरणाचा नव्हे. पंपाच्या मोटारीला वीज मिळते आहे हे मीटर सांगतो, पण पाइपातून पाणी येते की नाही हे तो सांगत नाही.

भूल आणि हृदय यांचा जुना वाद

भूलतज्ज्ञ हृदयाच्या तालाबद्दल इतके दक्ष का असतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. शस्त्रक्रिया किरकोळ आणि मृत्यू क्षणात. श्वास थांबला की हृदय, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारी घडला. खानदेश इंग्रजांकडे होता, आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचे राज्य लागत असे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी या इंग्रज शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. खर्चाला निजामाचा आश्रय होता. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीची चिंता करू नये.

श्वासावर लक्ष ठेवण्याचा सल्ला योग्यच होता, पण निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग चुकीचा ठरला. १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अगदी हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदयाचे खालचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरू लागतात आणि प्राणी तत्काळ मरतो. हृदयात उतरणारे अ‍ॅड्रेनॅलिन अशा वेळी घातक ठरत होते. क्लोरोफॉर्म पुढे मागे पडला. १९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेनमध्येही अ‍ॅड्रेनॅलिनच्या बाबतीतला हा दोष काही प्रमाणात होता. आजची औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत. तरीही टेबलावर झोपलेल्या माणसाचा आलेख सतत डोळ्यांसमोर ठेवण्याची रीत या इतिहासातून आली आहे.

‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणजे आजारी नव्हे

आता त्या छापील शेऱ्याकडे वळू. वैद्यकात ‘नॉर्मल’च्या मर्यादा बहुधा अशा ठरवतात : निरोगी माणसांच्या मोठ्या गटात मोजमाप घ्यायचे, आणि मधली ९५ टक्के माणसे ज्या पट्ट्यात येतात त्याला नॉर्मल म्हणायचे. म्हणजे व्याख्येनेच शंभरातली पाच निरोगी माणसे पट्ट्याबाहेर राहतात. वर्गातली ९५ टक्के मुले ज्या उंचीच्या दरम्यान बसतात, त्यापेक्षा एखादा मुलगा उंच निघाला तर आपण त्याला रोगी म्हणत नाही.

ईसीजीचे यंत्र एकच मोजमाप घेत नाही. नाडीचा दर, पी ते क्यूआरएस हे अंतर, क्यूआरएसची रुंदी, क्यूटी हे अंतर, विजेच्या लाटेची दिशा, अशी निदान पाच मोजमापे ते तपासते. ही परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरले, तर पाचही नॉर्मल येण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७७. शंभर निरोगी माणसांपैकी २३ जणांच्या पट्टीवर काही ना काही शेरा पडेल! प्रत्यक्षात मोजमापे पूर्ण स्वतंत्र नसतात, मर्यादाही थोड्या वेगळ्या ठेवतात, म्हणून आकडा बदलेल. पण तर्क तोच राहतो.

दुसरे गणित वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी. उदाहरण काल्पनिक आहे. कसलीही तक्रार नसलेल्या १००० माणसांपैकी २० जणांना खरोखर गंभीर हृदयविकार आहे असे समजू. त्यांच्यापैकी १२ जणांचा आलेख सदोष येतो, ८ जणांचा चांगला. उरलेल्या ९८० पैकी १५ टक्के, म्हणजे १४७ जणांच्या पट्टीवर किरकोळ शेरा येतो. एकूण सदोष पट्ट्या १५९, त्यांत खरे रोगी १२. म्हणजे शेरा आलेल्या तेरा जणांत जेमतेम एक! आणि चांगली पट्टी घेऊन ८ रोगी निश्चिंत मनाने घरी गेले ते वेगळेच. तीच चाचणी छातीत दुखणाऱ्या माणसांवर केली, तर मुळातच रोगी जास्त असल्यामुळे शेऱ्याचे वजन कितीतरी वाढते. चाचणीचा अर्थ ती कुणावर केली यावर अवलंबून असतो, तो असा.

नेहमी भेटणारे किरकोळ फरक

हळू नाडी : मिनिटाला साठपेक्षा कमी. कष्टाची सवय असलेल्या शेतकऱ्याचे किंवा धावपटूचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून कमी ठोक्यांत भागते. चक्कर, अंधारी असे काही नसेल तर पन्नासच्या आसपासची नाडी हा बहुधा कष्टाच्या अंगाचा गुण असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी हळू होते.

श्वासाबरोबर बदलणारा ताल : श्वास आत घेताना नाडी थोडी जलद, सोडताना हळू. तरुणांत हे अगदी स्वाभाविक आहे.

पी ते क्यूआरएस अंतर ०.२० सेकंदाहून थोडे जास्त : मधल्या गाठीत लाट जरा अधिक रेंगाळते, पण प्रत्येक लाट खाली पोहोचते. एकटा असेल तर हा फरक सहसा निरुपद्रवी.

उजव्या शाखेतील अडथळा : लाट डाव्या शाखेतून उतरून वळसा घेत उजवीकडे जाते. निरोगी माणसांतही हा दिसतो. डाव्या शाखेतील अडथळा मात्र बऱ्याचदा मूळ हृदयविकाराची खूण असतो. त्याची चौकशी करावीच लागते.

अधूनमधून येणारा जादा ठोका : चहा, तंबाखू, जागरण, भीती यांपैकी काहीही त्याला पुरेसे असते.

टी लहर चपटी होणे : यंत्राचा सर्वांत आवडता शेरा हाच. शेऱ्यातला ‘नॉनस्पेसिफिक’ हा शब्द सांगतो, की या बदलावरून कोणत्याही एका कारणाकडे बोट दाखवता येत नाही. भीतीने भराभर घेतलेला श्वास, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, काही औषधे, यांपैकी काहीही असू शकते. जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे रक्तातले पोटॅशियम कमी झाले तरी टी लहर चपटी होते. हे शेवटचे कारण शोधण्याजोगे आहे, कारण ते भूल देण्यापूर्वी दुरुस्त करता येते.

चिकटवण्यातली चूक : छातीवरचा एखादा इलेक्ट्रोड एक बरगडी वर लागला किंवा दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर धडधाकट माणसाच्या पट्टीतही ‘दोष’ उमटतो. पुन्हा नीट काढलेला ईसीजी हा अशा वेळचा सर्वांत स्वस्त उपचार.

याउलट काही गोष्टींना किरकोळ म्हणता येत नाही. नुकत्याच येऊन गेलेल्या किंवा चालू असलेल्या हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा, वरच्या कप्प्यांचा अनियमित आणि वेगवान ताल, लाटा मध्येच गळून पडणे, वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संबंध तुटणे, आणि क्यूटी हे अंतर फार लांबणे, या त्यांपैकी. क्यूटीचा भुलीशी थेट संबंध आहे. सेव्होफ्लुरेनसारखी भूल आणि उलटी थांबवणारे ऑन्डान्सेट्रॉन यांनी ते आणखी लांबू शकते. म्हणून अशी पट्टी भूलतज्ज्ञाने आधी पाहिलेली असणे आवश्यक आहे.

टेबलावर काय होते?

शस्त्रक्रिया चालू असताना तालात छोटे बदल नेहमीच होतात. घशातून श्वासनलिकेत नळी घालताना नाडी धावते. डोळ्याचा स्नायू ओढला, किंवा पोटातील आवरणावर ताण पडला, तर नाडी एकदम मंदावते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत मुलांमध्ये हे विशेष दिसते. कारण असे, की ओढल्याचा संदेश मेंदूकडे जातो आणि तेथून व्हेगस ही मज्जा हृदयाला ‘हळू’ असा हुकूम देते. शल्यचिकित्सकाने ओढणे थांबवले की बहुतेक वेळा नाडी पूर्ववत होते. नाही झाली तर अ‍ॅट्रोपिन हाताशी असते. कण्याच्या भुलीचा परिणाम वरपर्यंत चढला, तरी नाडी मंदावते.

काही बदल तर खरे नसतातच. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचे स्नायू थरथरतात आणि पट्टीवर हृदय थरथरल्याचा भास होतो. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचे चिमटे वापरतात, त्यांनी आलेख क्षणभर पार विस्कटतो. अर्थिंग नीट नसेल तर घरगुती विजेची सेकंदाला ५० आवर्तने रेषेवर बारीक दातेरी नक्षी काढतात. अशा वेळी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवतो आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरकडे पाहतो. वीज आणि रक्तप्रवाह या दोन साक्षी तो ताडून पाहतो.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या पट्टीचा मोठा उपयोगही इथेच आहे. नंतर काही बदल दिसला तर तो नवा की जुना, हे तिच्याशी तुलना करून कळते. म्हणून जुने ईसीजी फेकू नयेत. बऱ्याच यंत्रांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि तो काळाने पुसट होतो, म्हणून झेरॉक्स काढून ठेवावी.

मोजून पाहिल्यावर काय दिसले?

अमेरिकेत बोस्टन येथे ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपुढच्या १००१ रुग्णांचा अभ्यास करून १९७७ साली धोक्याचे नऊ घटक मांडले. त्यांत ईसीजीचे दोनच : नेहमीचा ताल नसणे, आणि खालच्या कप्प्यांचे जादा ठोके मिनिटाला पाचांहून अधिक असणे. टी लहरीचे किरकोळ बदल त्यांत नव्हते. सत्तरीपुढचे वय, नुकताच येऊन गेलेला झटका, थकलेले हृदय हे घटक होते. घाईची शस्त्रक्रिया हाही एक होता. १९९९ साली थॉमस ली आणि सहकाऱ्यांनी यादी सहा घटकांवर आणली : मोठी शस्त्रक्रिया, रक्तपुरवठ्याचा हृदयविकार, हृदय कमजोर पडणे, मेंदूचा झटका, इन्सुलिनवर असलेला मधुमेह आणि बिघडलेले मूत्रपिंड. ईसीजीचा उल्लेख उरला तो जुन्या झटक्याची खूण म्हणून. जादा ठोके यादीतून गेले.

मोतीबिंदूबद्दलचा पुरावा तर आणखी स्पष्ट आहे. ऑलिव्हर शाइन आणि सहकाऱ्यांनी २००० साली सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांच्या ईसीजीसह नेहमीच्या तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. वैद्यकीय अडचणींचे प्रमाण दोन्ही गटांत हजारी ३१ च्या आसपास, म्हणजे सारखेच निघाले. तक्रार नसलेल्या माणसाच्या कमी धोक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीचा म्हणून ईसीजी काढण्याचा उपयोग नाही, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१४ आणि २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ज्याला हृदयविकार ठाऊक आहे, लक्षणे आहेत, किंवा मोठी शस्त्रक्रिया आहे, त्याचा मात्र काढावा.

कागदाबरोबर कोणती माहिती न्यावी?

डॉक्टर विचारतात, “दोन मजले न थांबता चढता का?” कारण एवढे श्रम झेपले तर हृदयात पुरेशी शिल्लक आहे असे समजतात. पण जिथे घर एकमजली आणि धाब्याचे, तिथे या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? तेव्हा आपल्या कामांच्या भाषेत सांगावे : डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन शेतातून घरी येता का? निंदणी, वेचणी दिवसभर होते का? की विहिरीपासून घरापर्यंत येताना मध्ये बसावे लागते? आणि हे मागच्या वर्षी होत होते, यंदा होत नाही, असे आहे का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे.

याशिवाय छातीत भरून येणे, रात्री दम लागून उठणे, पायावर सूज, चक्कर येऊन पडणे, घरात तरुण वयात अचानक झालेला मृत्यू, पूर्वी भूल घेताना आलेली अडचण, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, विडी आणि तंबाखू, हे न विचारताही सांगावे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. कोणती घ्यायची, कोणती नाही, हे भूलतज्ज्ञ सांगतो. आपल्या भागातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तिथे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी भुलीच्या दृष्टीने किरकोळ टी लहरीपेक्षा कितीतरी महत्त्वाची ठरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

मुलांना मनगटावर नाडी मोजायला लावावी. बसून, वीस उठाबशा काढून, आणि पुन्हा पाच मिनिटांनी. मग सावकाश दीर्घ श्वास घेताना नाडीचा वेग बदलतो का, ते बोटाने ओळखायला सांगावे. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडून मधले ९५ टक्के कुठे बसतात ते काढावे, आणि बाहेर राहिलेल्या मुलांना विचारावे : तुम्ही आजारी आहात का? ‘नॉर्मल’ या शब्दाची मर्यादा यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी तो चुरगळलेला कागद घेऊन आले, तर छापील ओळ वाचून दाखवून थांबू नये. “यंत्राला काहीतरी वेगळे दिसले आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, तुम्हाला काय काम झेपते तेही सांगा, आणि त्यांना विचारल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका,” एवढे सांगावे. तेवढे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही.